डावा डेक का सरकत होता: टाइमकोड कॅलिब्रेशनचं एक प्रकरण

दोन टर्नटेबल, मधे मिक्सर, बाजूला लॅपटॉप आणि टाइमकोडच्या दोन रेकॉर्ड, म्हणजे ज्या हाताने फिरवल्या की लॅपटॉपमधलं गाणं तसंच फिरतं. उजव्या डेकबद्दल, म्हणजे उजव्या टर्नटेबलबद्दल, कसलीच तक्रार नव्हती. डाव्या डेकवर मात्र तीन गोष्टी घडत होत्या. रेकॉर्ड बोटाने धरून गाणं क्यूवर, म्हणजे जिथून सुरू करायचं त्या जागी, थांबवलं तरी ते पुरतं थांबत नव्हतं. हेडफोनमध्ये बारीक घरघर चालू राहायची आणि स्क्रीनवरचा वेव्हफॉर्म, म्हणजे गाण्याचा आलेख, मुंगीच्या पावलांनी पुढे-मागे सरकत राहायचा. गाणं चालू असताना बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला किती ठोके याचा, आकडा एका जागी टिकत नव्हता. आणि अधूनमधून, बास दणकून वाजत असला की, गाणं एकदम भलत्याच ठिकाणी उडी मारायचं.

घरी हेच सगळं बऱ्यापैकी चालून जायचं. कार्यक्रमाच्या जागी दुपारच्या साउंडचेकलाही चालायचं. संध्याकाळी आवाज पूर्ण चढला की त्रास डोईजड.

"दादा, सॉफ्टवेअर गंडलंय. दोनदा काढून परत टाकलं, तरी तेच," असं म्हणत या डेकवर वाजवणारा डीजे माझ्याकडे आला होता. हात चांगला आहे त्याचा, स्क्रॅचिंग मनापासून करतो. त्यामुळे थांबवलेली रेकॉर्ड हाताखाली थांबत नाही, हे त्याला किती टोचत असेल ते कळत होतं. हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण असा त्रास आला की बहुतेक जण सगळ्यात आधी ज्या सेटिंगला हात लावतात, तिला खरं तर सगळ्यात शेवटी हात लावायचा असतो.

सॉफ्टवेअरला नेमकं काय ऐकू येतं

टाइमकोडच्या रेकॉर्डवर गाणं नसतं, एक अखंड स्वर असतो. सेराटो या डीजे सॉफ्टवेअरच्या रेकॉर्डवर तो १००० हर्ट्झचा आहे, ट्रॅक्टर या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या पहिल्या पिढीच्या रेकॉर्डवर २००० चा आणि दुसऱ्या पिढीच्या रेकॉर्डवर २५०० चा. डाव्या आणि उजव्या चॅनेलवर स्वर एकच, फक्त एक चॅनेल दुसऱ्याच्या पाव आवर्तन पुढे असतो. स्वर किती उंच आला यावरून सॉफ्टवेअर वेग ओळखतं. कोणता चॅनेल पुढे आहे यावरून दिशा ओळखतं. म्हणूनच एकाच डेकच्या डाव्या-उजव्या चॅनेलच्या वायरी मिक्सरला उलट लागल्या की गाणं सरळ उलटं वाजायला लागतं. आणि सुई रेकॉर्डच्या कोणत्या भागात आहे हे कळावं म्हणून सेराटोसारख्या रेकॉर्डवर स्वराच्या उंचीत नाही, तर जोरात अगदी बारीक चढउतार कोरलेले असतात. त्या चढउतारांचा संकेत वाचून जागा कळते.

१००० हर्ट्झचा हिशोब सोपा पडतो म्हणून तोच घेतो. ३३⅓ आरपीएमला एक फेरा १.८ सेकंदांचा. म्हणजे एका फेऱ्यात १८०० आवर्तनं, प्रत्येकाच्या वाट्याला ०.२ अंश. रेकॉर्डच्या बाहेरच्या कडेला एक आवर्तन जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब असतं, आत लेबलजवळ ०.२ मिलिमीटरच्या आसपास. एवढ्याशा जागेत सुईने दोन्ही चॅनेल स्वच्छ वाचायचे असतात.

आता रेकॉर्ड हाताने अगदी हळू ओढली तर काय होतं? नेहमीच्या वेगाच्या विसाव्या भागाने ओढली, तर १००० हर्ट्झचा स्वर ५० हर्ट्झवर येतो. कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई धरणाऱ्या भागातून, येणारा सिग्नल सुईच्या वेगावर अवलंबून असल्यामुळे तो अशक्तही होतो. जिथे वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे तिथे विजेची गुणगुण नेमकी याच जागी असते, आणि सबवूफरचं सगळं राज्यही याच भागात. भरीस भर म्हणजे फोनो इनपुट, मिक्सरमधली टर्नटेबलसाठीची जोडणी. रेकॉर्ड कोरताना बास दाबलेला असतो, तो परत मिळावा म्हणून फोनो इनपुट खालचे स्वर उचलतो. १००० हर्ट्झच्या तुलनेत ५० हर्ट्झला जवळजवळ १७ डेसिबलने. म्हणजे टेबलाच्या थरथरीतून सुईत शिरलेला ५० हर्ट्झचा आवाज सॉफ्टवेअरपर्यंत पोचतो तो चांगलाच फुगून.

सॉफ्टवेअरच्या बाजूने पाहिलं तर हळू फिरणारा हात आणि थरथरणारं टेबल यांत फरक करणं अवघड आहे. त्याच्याकडे त्यासाठी मुख्य हत्यार एकच: थ्रेशोल्ड. या पातळीच्या खालचं जे काही येईल ते 'रेकॉर्ड थांबली आहे' असं समजायचं. पातळी खाली ठेवली तर हाताची बारीक हालचालही पकडली जाते, पण खोलीतला गोंधळही गाणं हलवायला लागतो. वर नेली तर गोंधळ गप्प होतो, पण त्याच्यासोबत हळू फिरणारा हातही गप्प होतो.

आधी काय करून झालं होतं

त्याने थ्रेशोल्ड बराच वर नेला होता. घरघर थांबली होती, पण रेकॉर्ड हळू मागे ओढताना आवाज शेवटपर्यंत जायच्या ऐवजी मधेच तुटायचा. क्यू पॉइंट शोधताना पहिल्या ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे रेकॉर्ड घासून जे ऐकायचं, तेच ऐकू येत नव्हतं. त्यामुळे तो पुन्हा थ्रेशोल्ड खाली आणायचा, मग घरघर परत. असं वरखाली चालू होतं.

गाणं उडी मारतं म्हणून त्याने अॅब्सोल्यूट मोड सोडून रिलेटिव्ह घेतला होता. अॅब्सोल्यूटमध्ये सुई जिथे असेल तिथलं गाणं वाजतं. रिलेटिव्हमध्ये सॉफ्टवेअर जागा सोडून देतं, फक्त वेग आणि दिशा बघतं. उड्या बंद झाल्या खऱ्या, पण रेकॉर्डवर चिकटवलेली खुणेची पट्टी गाण्याच्या मानाने घसरत जायला लागली. कार्यक्रमात रिलेटिव्ह वापरायला माझी काहीच हरकत नाही. सुईला धक्का बसला तरी गाणं निसटत नाही, ही मोठी सोय आहे. पण दोष शोधताना अॅब्सोल्यूटच हवा, कारण तो काहीही लपवत नाही.

याशिवाय ऑडिओ बफर, म्हणजे सॉफ्टवेअर एका वेळी जेवढा आवाज साठवून पुढे पाठवतं तो साठा, वाढवून झाला होता. बफरचा इथे काही संबंधच नव्हता. ४४.१ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे ५.८ मिलिसेकंद, ५१२ चा म्हणजे ११.६. बफर कमी पडला तर आवाजात कडकड, तुटकपणा येतो, गाणं सरकत नाही. वाढवल्यामुळे एवढंच झालं, की हात आणि आवाज यांच्यातलं अंतर वाढलं आणि स्क्रॅच करताना हाताला ते आणखी जड वाटायला लागलं.

मी सगळ्या सेटिंग मूळ जागी आणायला सांगितल्या. थ्रेशोल्ड, बफर, मोड, सगळं. तो जरा हिरमुसला, कारण कष्टाने गप्प केलेली घरघर परत आली. पण दोष दिसल्याशिवाय सापडत नाही.

दोष कोणत्या बाजूला आहे

मिक्सरवर दोन्ही चॅनेलला इनपुट फोनो आहे ना, सॉफ्टवेअरमध्येही तसंच सांगितलंय ना, ग्राउंडच्या वायरी मिक्सरच्या स्क्रूला घट्ट आहेत ना, हे बघायला दोन मिनिटं लागतात. ते ठीक होतं.

मग मिक्सरच्या मागे डाव्या आणि उजव्या डेकच्या वायरींची अदलाबदल केली. आता डावा टर्नटेबल उजव्या चॅनेलला. त्रास टर्नटेबलबरोबर उजवीकडे गेला. म्हणजे मिक्सर, साउंड कार्ड, लॅपटॉप आणि सॉफ्टवेअर या सगळ्यांची एका फटक्यात सुटका. दोष मिक्सरच्या अलीकडे, टर्नटेबलमध्ये किंवा त्याच्या खाली. सॉफ्टवेअर काढून परत टाकण्यात गेलेल्या वेळाच्या तुलनेत ही चाचणी किती स्वस्त आहे बघा. आणि ती करायला काहीही विकत आणावं लागत नाही.

वायरी परत जागेवर लावून स्कोप उघडला. स्कोप म्हणजे सॉफ्टवेअरमधली ती खिडकी, जिथे डाव्या आणि उजव्या चॅनेलचे सिग्नल एकमेकांसमोर आखलेले दिसतात. दोन्ही चॅनेल सारख्या जोराचे आणि पाव आवर्तनाच्या फरकाचे असतील, तर वर्तुळ उमटतं. एक चॅनेल अशक्त असेल तर वर्तुळ एका बाजूने चेपतं. एक चॅनेल दुसऱ्यात सांडत असेल किंवा फरक पाव आवर्तनाचा राहिला नसेल तर लंबवर्तुळ तिरकं होतं. एक चॅनेल गेलाच तर नुसती रेघ. काही सॉफ्टवेअरमध्ये याच खिडकीच्या कोपऱ्यात, आलेल्या टाइमकोडपैकी किती टक्के वाचता आला तेही दिसतं. नीट लागलेल्या डेकवर तो आकडा शंभराच्या अगदी जवळ हवा.

उजव्या डेकचं वर्तुळ गोल, बारीक रेषेचं होतं. डाव्या डेकचं उजव्या चॅनेलच्या अक्षावर चेपलेलं होतं, शिवाय सगळी रेषा जाड आणि केसाळ. आकडा ऐंशीच्या आसपास घुटमळत होता.

आता दोन्ही हेडशेल, म्हणजे कार्ट्रिज बसवलेली पुढची टोकं, काढून अदलाबदल. इथे प्रकरणाला फाटा फुटला. चेपलेपणा हेडशेलबरोबर उजव्या डेकवर गेला, पण रेषेचा जाडपणा बराचसा डाव्या डेकवरच राहिला. म्हणजे दोष एक नव्हता. इतके दिवस त्याला हे सापडत नव्हतं याचं कारणही तेच. एक उपाय केला की एक दोष अर्धवट दबायचा आणि दुसरा वर यायचा.

हेडशेल आणि वजन

हेडशेल भिंगाखाली धरलं. कार्ट्रिजला चार बारीक वायरी असतात: पांढरी आणि निळी डाव्या चॅनेलची, लाल आणि हिरवी उजव्याची. लाल वायरीची टोपी पिनवर सैल बसली होती, बोटाने हलवली की फिरायची. चिमट्याने टोपी हळूच दाबून पुन्हा बसवली. हेडशेलच्या मागच्या टोकाचे चार संपर्क काळवंडले होते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली कापसाची काडी फिरवली तर काडीवर राखाडी डाग उतरला. टोनआर्मच्या, म्हणजे सुई पेलणाऱ्या दांड्याच्या, आतल्या पिनाही तशाच पुसल्या. हेडशेल परत डाव्या डेकवर लावलं. चेपलेपणा गेला.

काही सॉफ्टवेअरमध्ये चेपलेलं वर्तुळ गोल करायला बॅलन्सचे स्लायडर असतात. कार्ट्रिजच्या दोन चॅनेलमध्ये जन्मजात थोडा फरक असतो, तेवढ्यासाठी ते ठीक आहेत. पण सैल वायर स्लायडरने गोल केली, की कार्यक्रमात ती हलल्यावर वर्तुळ पुन्हा बिघडतं, आणि या वेळी उलट्या बाजूला.

वर्तुळ गोल झालं तरी उजव्या चॅनेलच्या बाजूला ते अजून मधूनमधून फाटत होतं. क्षणभर कड विस्कटायची, परत जुळायची. हे लक्षण मला ओळखीचं आहे. रेकॉर्डच्या खाचेची आतली भिंत डावा चॅनेल वाहते आणि बाहेरची भिंत उजवा. फिरणारी रेकॉर्ड टोनआर्मला सतत आत, मध्याकडे ओढत असते. त्यामुळे सुई आतल्या भिंतीला टेकून राहते आणि वजन कमी असलं तर बाहेरच्या भिंतीवरची पकड आधी सुटते. म्हणून नुसता उजवा चॅनेल फाटत असेल, तर सुईवरचा भार आणि अँटी-स्केटिंग, म्हणजे ही आतली ओढ तोलणारी सेटिंग, आधी बघावं.

डिजिटल काट्यावर सुई टेकवली: १.९ ग्रॅम. त्या कार्ट्रिजसाठी उत्पादकाने सांगितलेला भार ३ ग्रॅम होता. टोनआर्मच्या मागच्या वजनावरचा, काउंटरवेटवरचा, आकडा मात्र ३ च दाखवत होता, आणि त्याचं म्हणणं होतं की भार बरोबर आहे. दोघंही आपापल्या जागी खरे होते. त्या आकड्याची कडी नुसती हाताने फिरते, तिला कशाचंही वजन कळत नाही. आधीचं जड कार्ट्रिज काढून हलकं बसवताना टोनआर्म नव्याने तोलला गेला नव्हता. त्यामुळे कडीवरचा आकडा जुन्या कार्ट्रिजच्या हिशोबाचा राहिला.

तोलायची पद्धत अशी. अँटी-स्केटिंग शून्यावर. सुईचं टोपण काढलेलं, कारण त्याचंही वजन धरलं जातं. काउंटरवेट फिरवत फिरवत टोनआर्म हवेत आडवा तरंगेल असा आणायचा. न डोलता, न झुकता. मग काउंटरवेट घट्ट धरून नुसती आकड्याची कडी शून्यावर आणायची, आणि त्यानंतर दोन्ही एकत्र फिरवून हवा तो भार लावायचा. शेवटी काट्यावर खात्री. आम्ही ३ ग्रॅम लावले, काट्यावर ३.० आले. टोनआर्मची उंचीही बघितली. सुई रेकॉर्डवर असताना टोनआर्म बाजूने पाहिला तर रेकॉर्डला समांतर दिसायला हवा, त्याचा मागचा भाग जरा वर होता. अँटी-स्केटिंग थोडं लावलं. रेकॉर्ड मागे-पुढे ओढणारे अनेक जण ते शून्यावर ठेवतात. तसं ठेवलं तरी चालतं, पण मग भार पुरेसा हवा.

भार वाढवायचा म्हणून हेडशेलवर नाणं चिकटवणारे पाहिले आहेत. कळकळीने सांगतो, तसं करू नका. उत्पादकाने दिलेल्या मर्यादेच्या वर गेलं की सुई आणि खाच दोन्ही झिजतात, आणि झिजलेल्या खाचेतला टाइमकोड कोणत्याही सेटिंगने परत येत नाही.

आता वर्तुळ शांतपणे फिरत होतं आणि टक्के ९८-९९ वर टिकून होते. शांत खोलीत.

सुई खाली, रेकॉर्ड थांबलेली, आवाज चालू

यानंतर कार्यक्रमाच्या जागी गेलो. घरी न दिसणारा दोष घरी शोधून उपयोग नव्हता.

डाव्या डेकची मोटर बंद केली, रेकॉर्ड थांबलेली, सुई तिच्यावर टेकवलेली. उजव्या डेकवर भरपूर बास असलेलं गाणं लावून आवाज हळूहळू कार्यक्रमाच्या पातळीला नेला. थांबलेल्या रेकॉर्डवर स्कोपमध्ये मधोमध एक ठिपका दिसायला हवा. आवाज चढत गेला तसा तो ठिपका फुगत गेला, त्याचा गोळा झाला, आणि बासच्या प्रत्येक ठोक्याला तो गोळा उसळायला लागला. रेकॉर्ड जागची हलली नव्हती, पण सॉफ्टवेअरच्या मते ती हलत होती.

सुई उचलून टोनआर्म जागेवर ठेवला. गाणं त्याच आवाजात चालू. ठिपका क्षणात शांत. ही चाचणी मला फार मोलाची वाटते. सुई हवेत असताना ठिपका फुगलेलाच राहिला असता, तर दोष विजेचा होता: ग्राउंड, वायरी, शेजारचा चार्जर. सुई टेकल्यावरच फुगतो, म्हणजे कंपनं रेकॉर्ड आणि टर्नटेबलच्या अंगातून येत आहेत. मग नुसता सबवूफर बंद केला, बाकीचे स्पीकर चालू ठेवले. ठिपका जवळजवळ बारीक. गुन्हेगार सापडला होता. तो उजव्या डेकला का छळत नव्हता, एवढंच बघायचं होतं.

टेबल पातळ फळीचं, घडीचं होतं. सबवूफर त्याच लाकडी मंचावर, टेबलाच्या डाव्या पायाशी. एवढं पुरेसं होतं, पण अजून एक गोष्ट होती. टेबलावर टिचकी मारली की डाव्या डेकचा ठिपका उडायचा, उजव्याचा नुसता थरथरायचा. डावा टर्नटेबल कोपऱ्यांवर दाबून पाहिला तर तो किंचित झुलत होता. टर्नटेबलचे चारही पाय उंची कमी-जास्त करता येतील असे असतात आणि त्यांच्यातल्या लवचीक भागामुळे थोडी कंपनं अडतात. डाव्या टर्नटेबलचा मागचा एक पाय पूर्ण आत वळवलेला होता, टेबलाला टेकतच नव्हता. तीन पायांवर ते सगळं वजन डुलत होतं.

सबवूफर मंचावरून उतरवून खाली, टेबलापासून लांब ठेवला. पाय फिरवून, लेव्हलच्या बुडबुड्याने चारी बाजूंनी टर्नटेबल सपाट केला. दोन्ही टर्नटेबलखाली जड फरशीचा तुकडा आणि त्याखाली मऊ रबराचे ठोकळे दिले. जड वस्तू मऊ आधारावर असली की तिचा स्वतःचा डोलायचा वेग खूप खाली जातो आणि त्याच्या बरीच वर असलेली बासची कंपनं आधारातच विरतात. नुसतं रबर किंवा नुसती फरशी दिली तर हे तितकंसं होत नाही, जोडी लागते. रबर इतकं कडक नको की भाराखाली दबणारच नाही, आणि इतकं मऊही नको की स्क्रॅच करताना सगळं टर्नटेबल हाताबरोबर डुलेल. याला सूत्र देता येणार नाही, हाताने दाबून, वाजवून बघावं लागतं.

तीच चाचणी पुन्हा. पूर्ण आवाजात ठिपका आता किंचित फुगायचा, उसळत नव्हता.

बीपीएमचा हेलकावा

आकडा अजून थोडा हलत होता. पण आता बघितलं तर तो धडपडत नव्हता, लयीत हलत होता. सावकाश वर, सावकाश खाली, दर फेऱ्याला एकदा. १२८ चा आकडा पाव बीपीएमने इकडे-तिकडे. उजव्या डेकवरही हेच होतं, पण तिकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

हा कॅलिब्रेशनचा दोषच नव्हे. रेकॉर्डचं भोक मधल्या दांड्यापेक्षा जरा मोठं असलं, की रेकॉर्ड मध्यापासून थोडी सरकून बसते. ०.३ मिलिमीटर सरकली तर बाहेरच्या कडेला वेग ०.२ टक्क्याने कमी-जास्त होतो. १२८ चे ०.२ टक्के म्हणजे पाव बीपीएम. आत लेबलजवळ हाच फरक ०.५ टक्क्याच्या घरात जातो. म्हणून सुई आत जाईल तसा हेलकावा वाढत असेल, तर मोटरला दोष देऊ नये. दांड्याभोवती चिकटपट्टीचा एक वेढा दिला, रेकॉर्ड हाताने सहज निघेल इतकाच. हेलकावा जवळजवळ गेला. मोटर खरंच चुकत असती तर थाळीच्या कडेवरचे स्ट्रोबचे ठिपके पिच, म्हणजे वेगाचा स्लायडर, शून्यावर असताना सरकताना दिसले असते. ते खिळल्यासारखे स्थिर होते.

आणि मग थ्रेशोल्ड

आता थ्रेशोल्डला हात लावायची वेळ आली. चाचणीची स्थिती तीच: सुई रेकॉर्डवर, रेकॉर्ड थांबलेली, खोलीत कार्यक्रमाएवढा आवाज. ज्या सॉफ्टवेअरमध्ये अंदाज घेण्याचं बटण असतं त्यात ते दाबून धरायचं, आकडा स्थिरावेपर्यंत. त्या वेळात सॉफ्टवेअर ऐकतं की या खोलीत, या टेबलावर थांबलेली रेकॉर्ड कशी 'ऐकू येते', आणि पातळी त्याच्या जरा वर ठेवतं. शांत खोलीत हे बटण दाबलं तर त्याला शांत खोलीच कळते. त्याने प्रत्येक वेळी दुपारी, स्पीकर लावायच्या आधी कॅलिब्रेशन केलं होतं. मोटर चालू असताना दाबलं तर आणखी वाईट, कारण मग टाइमकोडचा स्वरच गोंधळ म्हणून मोजला जातो.

मिळालेली पातळी त्याने हाताने लावलेल्या पातळीच्या बरीच खाली निघाली. आता हाताची परीक्षा. त्याने एक ठोका असलेला आवाज लावला आणि रेकॉर्ड मागे ओढायला सुरुवात केली, हळू, आणखी हळू. आवाज खाली खाली खर्जात गेला, तुटला नाही, आणि बोट जवळजवळ थांबल्यावरच संपला. रेकॉर्ड धरून ठेवली तर वेव्हफॉर्म जागचा हलला नाही. "हेच हवं होतं," एवढंच म्हणाला आणि पुढची पाच मिनिटं तोच एक ठोका घासत बसला.

उजव्या डेकचाही अंदाज नव्याने घेतला. तिथला आकडा वेगळा आला. दोन्ही डेकना एकच आकडा हवा असा त्याचा आग्रह होता, तो सोडायला लावला. टेबलावरची जागा वेगळी, सुई वेगळी, तर गोंधळही वेगळाच असणार. बफर २५६ वर परत आणला. कडकड आली नाही, म्हणून तिथेच ठेवला.

उड्यांचं तेवढं राहिलं होतं. अॅब्सोल्यूट मोडमध्ये डाव्या डेकवर गाण्याच्या सुरुवातीच्या भागात एखादी उडी अजून येत होती, पुढे कुठेच नाही. रेकॉर्ड उजेडात तिरकी धरली तर बाहेरच्या कडेचा पट्टा बाकीच्यापेक्षा निस्तेज, राखाडी दिसत होता. प्रत्येक गाणं तिथूनच सुरू होतं, स्क्रॅचिंगचा सगळा सराव तिथेच होतो, त्यामुळे खाच तिथेच झिजते. सुई आतल्या पट्ट्यात ठेवली की टक्के शंभराला टेकायचे, बाहेर आणली की घसरायचे. त्या रात्रीपुरती रेकॉर्ड उलटी केली आणि मोड रिलेटिव्ह ठेवला. नवी रेकॉर्ड मागवायला सांगितली आहे, आणि ती आली की सराव एकाच पट्ट्यात न करता गाणी रेकॉर्डच्या वेगवेगळ्या भागांतून सुरू करायचं त्याने कबूल केलंय. हॉल भरल्यावर आवाज दुपारपेक्षा थोडा चढला, तेव्हा त्याने उजव्या डेकवर गाणं चालू असतानाच डाव्याचा अंदाज पुन्हा घेतला. पातळी जराशी वर सरकली आणि तिथे थांबली.